कांदा आणि काँक्रीट

काष्टी गावात कुणाच्या घराचा स्लॅब टाकायचा म्हटलं की मालक आधी आभाळाकडं बघायचा आणि मग रंगुबाईकडं. आभाळ फिरलं तर स्लॅब थोडा पुढं ढकलता येतो. रंगुबाई फिरली तर तो पडतच नाही, हे गावाला ठाऊक होतं. दहा-बारा जोडप्यांची तिची टोळी. खाली मिक्सर फिरतोय, तिथून शिडी, शिडीवरून परांची, परांचीवरून छत अशी माणसांची रांग उभी राहायची आणि काँक्रीटचं घमेलं या हातातून त्या हातात होत वर जायचं. रिकामं घमेलं दुसऱ्या अंगानं खाली भिरकावलं जायचं. एकदा मिक्सर सुरू झाला की शेवटचा कोपरा भरेपर्यंत रांग मोडायची नाही. मधेच थांबलं तर ओलं आणि वाळलं एकजीव होत नाही, तिथं सांधा राहतो, आणि पुढच्या पावसात पाणी बरोबर तिथूनच गळतं. रंगुबाईच्या रांगेतल्या बाईला शिंक आली तरी ती घमेलं पुढं देऊन मगच शिंकायची.

ही टोळी तिनं उभी केली होती ती हट्टानं. ती मूळची कर्जतच्या पलीकडची, कोरड्या रानातली. लग्न झालं त्या वर्षापासून हातात ऊसतोडीचा कोयता. दिवाळी सरली की गाडी, उसाचा फड आणि पाचटाच्या कोपीतला संसार. थोरला करण फडातच जन्मला आणि त्याची शाळाही फडातच संपली. पाठची धनश्री झाली तेव्हा रंगुबाईनं कोयता आढ्याला खोचला, तो परत खाली काढला नाही. काष्टीत पत्र्याची खोली घेतली, घमेलं धरलं, आणि एकेक करत आपल्या भागातली जोडपी कोयत्यावरून ओढून आणली. त्यांची पोरं आता वर्षभर एकाच शाळेत बसत होती. कुणी विचारलं, बाई, काय कमावलंस, तर ती टोळीकडं बोट करायची. तेव्हा मान अशी ताठ व्हायची की तिचा नवरा सहादेव हळूच दुसरीकडं बघायचा. सहादेव बोलायला कमी. पण रांगेच्या शेवटी, छतावर, घमेलं ओतायला उभा राहायचा तो तोच.

त्या मार्चमध्ये केशरबाईच्या घराचा स्लॅब ठरला होता. केशरबाई म्हणजे नदीकडच्या काळ्या रानाची मालकीण. नवरा गेल्यावर तिनं रान एकटीनं सांभाळलं आणि आता नवं घर काढलं होतं. सेंटरिंग ठोकून झालं, सळई बांधून झाली, खडीचा ढीग दारात पडला. केशरबाईनं रंगुबाईच्या हातावर कामाची सुपारी ठेवली आणि विचारलं, "गोडाचं काय करू? शिरा का लापशी?" स्लॅबच्या दिवशी टोळीला मालकाच्या घरचं गोड जेवण, हा रिवाज.

"लापशी करा," रंगुबाई म्हणाली. "शिऱ्यानं दुपारपातुर बी निभत न्हाई."

लापशी शिजलीच नाही. रोगाची बातमी टीव्हीत होती ती एका रात्रीत दारात आली. सगळं बंद. सिमेंटच्या दुकानाला कुलूप, शनिवारचा बाजार बंद, गावाच्या वाटांवर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या. चौकात पोलीस काठी घेऊन उभा. टोळीला काम देणाऱ्या ठेकेदारानं आधी फोन उचलला, मग उचलायचा बंद झाला. टोळीच्या खोल्यांपुढं घमेली धुऊन पालथी पडली. करण रोज सकाळी मिक्सरचं भांडं हातानं फिरवून यायचा, जाम होऊ नये म्हणून. केशरबाईच्या घरावरची सळई उघड्यावर गंजून तांबडी पडत चालली.

पहिले काही दिवस टोळीनं दम धरला. मग डब्यांचे तळ दिसायला लागले. शेतकऱ्याच्या घरात काही नसलं तरी कणगीत दाणा असतो. रोजच्या रोजावर जगणाऱ्याच्या घरात आजचा दिवस असतो, एवढंच.

अशात वाल्मिक आला. वाल्मिक रंगुबाईचा चुलतदीर, ऊसतोडीचा मुकादम. मोटारसायकल रानातल्या वाटेनं काढून, मास्क हनुवटीखाली ओढून तो अंगणात उभा राहिला.

"वैनी, घमेली पालथी घातली व्हय?"

"धूळ बसू ने म्हनून घातली," रंगुबाई म्हणाली. "आन् तू तोंडावरचं फडकं आदी वर घे. आमाला तुझं थोबाड पाठ हाय."

वाल्मिक हसला. फडकं वर घेतलं. "रोग आला तरी चहात साखर लागतीच, वैनी. कारखाना काय बंद पडत न्हाई. उचल द्यायला आलोय. आज घ्या, दिवाळीला गाडी दारात."

उचल म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे; ती घेतली की माणूस बांधला गेला. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तो फडात, आणि नेमका तोच स्लॅबांचा हंगाम. टोळीतली चार माणसं गेली तरी रांगेला भगदाड पडणार, आणि भगदाडाच्या रांगेला स्लॅब कोण देणार? रंगुबाईला हे कळत होतं. वाल्मिकलाही कळत होतं, म्हणून तो तिच्याशी बोलत होता आणि बघत होता मागच्या दारांकडं. तिथं टोळीतली छबूबाई उभी होती, कडेवर लेकरू. तिचा नवरा भागवत उंबऱ्यावर बसून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

वाल्मिक गेल्यावर छबूबाई म्हणाली, "आत्या, किती दिस पालथी ठेवायची?"

रंगुबाईनं पदर खोचला, फडकं तोंडाला बांधलं आणि बांधाबांधानं केशरबाईच्या रानात गेली.

रानात कांदा काढणीला आला होता. पात माना टाकून पडली होती. दर साली काढणीला बाहेरून येणारी माणसं यंदा काट्यांच्या पलीकडं अडकली होती. केशरबाई बांधावर एकटीच उभी, नाकातोंडाला ओढणी गुंडाळलेली. रोगाची तिला भारी धास्ती होती. रंगुबाईला बघून ती आणखी मागं सरकली.

"शेतीच्या कामाला सरकारची बंदी न्हाई म्हनं," रंगुबाई लांबूनच म्हणाली. "माजी टोळी बसून हाय."

"कांदा येतुया का तुमाला?"

"त्याला काय यायचं? खालनं उचलायचा आन् वर न्यायचा. आमी जल्मात दुसरं केलंय काय?"

केशरबाईनं एकदा रानाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "या उद्या," म्हणाली.

उपटणं आणि पात काटणं टोळीनं झटक्यासरशी उरकलं. मग भरण्याचा दिवस आला. कांद्याची वखार म्हणजे लाकडी पट्ट्यांची लांबलचक खोली, जमिनीपासून उचललेली, चारी बाजूंनी वारा खेळेल अशी. त्यात कांदा भरून ठेवायचा आणि भाव येईल तेव्हा काढायचा. गावातली माणसं डोक्यावर पाटी घेऊन खेपा करतात. रंगुबाईला ते बघवेना.

"एकेक खेप घालायला आपन काय मुंग्या हाय? रांग धरा," ती म्हणाली.

रांग धरली. ढिगापासून वखारीपर्यंत आणि शिडीवरून वखारीच्या तोंडापर्यंत. बंद झाल्यापासून पहिल्यांदा घमेलं हातात आलं आणि टोळीच्या अंगात वारं शिरलं. कांद्याचं घमेलं ते, काँक्रीटच्या मानानं फूल. छबूबाईचं लेकरू सावलीत टाळ्या पिटत होतं. तेवढ्यात रस्त्यानं चाललेली पोलिसांची गाडी थांबली.

"ए बाई, अंतर कुठाय?" आतून आवाज आला.

"हाय की, सायेब," रंगुबाई म्हणाली. "एका घमेल्याचं अंतर हाय. जवळ आली तर एकमेकीच्या डोक्यात बसंल. कवाबी मोजा."

गाडीत कुणीतरी हसलं आणि गाडी पुढं गेली.

वर वखारीच्या तोंडाशी सहादेव. आजवर शिकला तसाच तो ओतत होता. काँक्रीट दणक्यानं आपटावं लागतं, नाहीतर सळईखाली पोकळ राहतं. सहादेवनं कांदाही दणक्यानं आपटला. मनापासून आपटला. गावाला जे काम दोन दिवस पुरलं असतं ते टोळीनं दुपार कलायच्या आत संपवलं. केशरबाई रोगाच्या धास्तीनं घरातच होती. तिनं खिडकीतून भरलेली वखार बघितली आणि बघतच राहिली. रंगुबाई त्या दिवशी घरी गेली ती गावातून मोठ्या रस्त्यानं. बांधाची वाट जवळ असूनही.

आठवडा उलटून गेला आणि केशरबाईचा निरोप आला, एकटीनं या.

रंगुबाई वखारीजवळ पोचायच्या आधीच वास आला. केशरबाई ओरडली नाही. तिनं पट्ट्यांच्या फटीत हात घातला, एक कांदा काढला, बांधावर ठेवला आणि मागं सरली. रंगुबाईनं तो उचलला. वरून तकतकीत दिसत होता. अंगठा ठेवला तो सालीतून आत गेला.

"रंगुबाई, तुमी कांदा न्हाई भरला," केशरबाई म्हणाली. "तुमी काँक्रीट ओतलं."

रंगुबाईच्या जिभेवर पुष्कळ होतं. तुम्ही खिडकीत बसला होता, एका शब्दानं सांगितलं का? आम्हाला काय स्वप्न पडणार? तिच्या जिभेची धार गावात माहीत होती आणि केशरबाईही पदर सावरून तयारच होती. पण हातातल्या कांद्याचं पाणी मनगटावर ओघळत होतं. मला येतं, असं तोंड वर करून कोण म्हणालं होतं? तीच.

"आतून किती ग्येला आसंल?" तिनं विचारलं.

"डागी हाय तो सडनार, आन् त्याला चिकटलेला बी सडनार. आसाच ठिवला तर पावसाळ्यापातुर वखारीत पट्ट्या ऱ्हात्यात."

"उद्या वखार मोकळी करतो. निवडून पुन्यांदा भरतो. तुमी जवळ हुबं ऱ्हाऊन दावायचं. उद्याचा रोज घेनार न्हाई."

"मी दिलेला रोज मागारी मागितला न्हाई."

"मी बी द्या म्हनाले न्हाई," रंगुबाई म्हणाली, आणि निघाली. या खेपेला बांधानं.

संध्याकाळी तिनं अंगणात टोळी बसवली आणि सगळं सांगितलं. सहादेव आपल्या दोन्ही पंजांकडं बघत होता. शेवटी भागवत बोलला, "फुकट राबायचं आसंल तर कोयता काय वाईट हाय, आत्या? वाल्मिकदाजी उद्या येनार हाय. मी तर उचल घ्यायचं धरून चाललोय."

"घे की," रंगुबाई म्हणाली. "मी आडवी पडत न्हाई. कोयत्यावरनं तुला मी आनला, तर जाताना माजी परवानगी काडायची गरज न्हाई. पन येक ऐकून जा. आजवर आपन कुनाच्या घराला सांदा ठिवला न्हाई. ठेकेदार बुडवून पळाला तरी सलाब पुरा करून उतरलो. त्या वखारीत सडतुय तो कांदा केशरबाईचा आसंल. सडवला आपन. मी उद्या जानार हाय. तुमी आला तर रांग, न्हाई आला तर म्या एकटी खेपा घालीन. मुंगीवानी."

सकाळी ती वखारीत शिरली तेव्हा मागं फक्त सहादेव होता. दोघं वाकून बसली. नासका एकीकडं, चेपलेला दुसरीकडं, धड तिसरीकडं. वास असा की फडक्यातूनही डोकं उठावं. केशरबाई आली, थोडा वेळ बांधावर घुटमळली, आणि मग तीही ओढणी घट्ट करून वखारीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

सहादेव खालच्या आवाजात म्हणाला, "माज्या हातानं झालं."

"तुमचा हात कुटं शिकला? माज्याच रांगेत की," रंगुबाई म्हणाली. "निवडा."

मग करण आला. त्याच्यामागं दोघं, मग आणखी. येऊन बसले आणि हात चालू केले. ऊन वर आलं तरी छबूबाईचा पत्ता नव्हता. रंगुबाई मान वर करत नव्हती, पण वाटेवर पाय वाजला की तिचा हात थबकायचा. पार उन्हं तापल्यावर छबूबाई आली, कडेवर लेकरू, मागं मान खाली घालून भागवत.

"उचल घितली का?" रंगुबाईनं कांद्याकडं बघतच विचारलं.

"उचल काय, सांजच्याला बी भेटंल," छबूबाई म्हणाली. "कांदा तवर सडंल. सरका जरा."

रंगुबाई सरकली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कांद्याच्या वखारीत ते कुणाला दिसलं तरी काही बिघडत नव्हतं.

दुपारी केशरबाईनं पिठलं-भाकरीची टोपली बांधावर ठेवली आणि लांब झाली. चेपलेल्या कांद्यांचा ढीग मोठा झाला होता. ती म्हणाली, "ह्ये ठेवनीत टिकायचं न्हाईत, पन खायाला बरं हायेत. घरी घिऊन जावा."

टोळीतले दोघंतिघं रंगुबाईकडं बघायला लागले. आयतं घेणं तिला सोसायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. रंगुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "नेतो. आमी चेपलं, आमीच खातो."

पुन्हा भरताना केशरबाई जवळ उभी राहिली. घमेल्याच्या तळाला गोणपाट घातलं. घमेलं झेलायचं नाही, दोन्ही हातांत द्यायचं. सहादेवला तिनं वखारीत मांडी घालून बसवलं. "लेकरू पाळन्यात ठिवता तसं कलवा, तात्या. आवाज आला की चुकलं समजा." सहादेवनं घमेलं मांडीवर घेतलं आणि कलतं केलं. कांदे नुसते सरकत गेले. रांग तीच, पण आता अशी चालली की शेजारच्या बांधावरच्या चिमण्याही उडाल्या नाहीत. केशरबाई कान देऊन ऐकत होती. शेवटचं घमेलं रिकामं झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता कांदा भरला."

गावात गोष्ट लपत नाही. रंगुबाईच्या टोळीनं वखार नासवली हे जितक्या वेगानं पसरलं, तितक्याच वेगानं, तीच वखार बिनरोजानं उपसून परत भरली, हेही पसरलं. शेजारच्या रानातला माणूस आला, मग त्याच्या पलीकडचा. उन्हाळा सरेपर्यंत टोळीला रिकामी सकाळ मिळाली नाही. वाल्मिक एकदा परत येऊन गेला. भागवतनं त्याला चहा पाजला, बिनसाखरेचा. साखर संपली होती म्हणाला. वाल्मिक कप खाली ठेवून, उचलीचे पैसे खिशातच घेऊन निघून गेला.

पावसाळ्यात दुकानं उघडली. श्रावणात चांगली उघडीप पडली आणि केशरबाईच्या दारात ठेकेदार उगवला, फोन न उचलणारा तोच. सोबत काँक्रीट वर चढवणाऱ्या मशीनचा फोटो मोबाईलवर.

"आता ह्यो जमाना मशीनचा, काकू," तो म्हणाला. "येवढी मानसं कशाला गोळा करायची? मशीनला काय रोग व्हत न्हाई."

केशरबाई मोबाईल लांब धरून फोटो नीट बघत होती. "चुकलं तर ह्ये मशीन परत येऊन निवडत बसंल का?" तिनं विचारलं.

"काय निवडत?"

"जाऊ द्या, तुमाला न्हाई कळायचं. सुपारी कवाच दिलीया मी."

स्लॅबच्या दिवशी टोळी उजाडताच हजर झाली. सळईवरचा गंज आदल्या दिवशीच घासून काढला होता. करणनं मिक्सरला नारळ फोडला आणि दांडा फिरवला. महिनोन्महिने हातानं फिरवलेलं ते भांडं पहिल्याच झटक्याला गरगरलं. रंगुबाई खाली मिक्सरपाशी उभी राहिली, नेहमीच्या जागी. तिथून तिनं वर बघितलं. शिडीच्या पहिल्या पायरीवर भागवत, परांचीच्या मधोमध छबूबाई, आणि पार वर आभाळाला टेकलेला सहादेव. बंदच्या आधी होती तीच माणसं, त्याच जागी. रांगेत कुठं फट नव्हती.

पहिलं घमेलं भरलं, हातोहात वर गेलं, सहादेवच्या हातात पडलं. आणि सहादेव हळूच सळईवर खाली बसला, घमेलं मांडीवर घेतलं आणि आवाज न करता कलवायला लागला.

परांचीवरून छबूबाईचा आवाज आला, "तात्या, आपटा की. काँक्रीट हाय त्ये, उठून रडायचं न्हाई."

सहादेव दचकून उठला. सगळी रांग हसायला लागली, खालपासून वरपर्यंत हसू घमेल्यासारखं हातोहात गेलं. हसताना माणसं वाकत होती, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, पण घमेलं एकाचंही थांबलं नाही. वरून दणका ऐकू आला, मग दुसरा, मग एका लयीत दणके पडायला लागले.

केशरबाई चुलीपासून उठून बाहेर आली. हातात उलथनं, तोंडाला ओढणी. "काय झालं वो? हसत्यात का?"

"कांदा आठवला," रंगुबाई वर बघतच म्हणाली. तिची मान ताठ होती. "तुमी लापशी बघा, बाई. ह्ये काय आता थांबत न्हाईत."